समुद्र नसलेला मुलूख

जालन्याहून समुद्र चारशे किलोमीटर लांब. दक्षिणेला गोदावरी, उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांची उतरण, मधून दुधना आणि पूर्णा. पावसाळ्यात कपाशी-सोयाबीननं हिरवागच्च असलेला हा मुलूख मार्चनंतर बघवत नाही. १ मे १९८१ रोजी त्याला जिल्ह्याचं नाव मिळालं. ‘जालना, सोने का पालना’ ही ओळख मात्र त्याहून कितीतरी जुनी. ती ऐकली की मला वाटतं, हे सोनं या पाळण्यात निजलं कधी? इथं ते घडलं, तोललं गेलं आणि वाटेला लागलं.

भोकरदनचंच बघा. सातवाहनांच्या काळी हे भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथल्या लोकांची नावं कोरलेली आहेत. गेल्या शतकात इथं उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग हाती लागला. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी त्याचं साम्य एवढं, की तीही भोकरदनातच कोरली गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पण या माळावर हत्ती कुठले? दात बाहेरून आला, हात इथले होते आणि गिऱ्हाईक सातासमुद्रापार.

जालन्याचा आजचा पोलाद उद्योग तरी याहून वेगळा काय आहे? लोहखनिज नाही, कोळसा नाही. ट्रक भरभरून भंगार येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातं. असईची लढाईसुद्धा तशीच, बाहेरच्यांची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रजांचा वेलस्ली आणि शिंदे-भोसले भिडले; पिकं तुडवली गेली ती इथली. आणि १६०८ साली इथल्याच जांबेत जन्मलेले समर्थ रामदास? तेही लहानपणीच घर सोडून गेले, ते थेट सज्जनगडाचे झाले.

बियाणं मात्र या मातीतलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक आहेच, पण माझं मन रमतं ते बीजोत्पादनाच्या शेतात. संकरित कपाशीचं बी हातानं घडतं. आदल्या दुपारनंतर मादी वाणाच्या कळ्यांतले पुंकेसर नखानं खुडून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यांवर फिरवायचं. एकेक फूल, अख्खं शेत. हे काम बहुतेक बायकांचं. पाकिटावर कंपनीचं नाव असतं, त्यांचं नसतं.

मोसंबीपाशी मात्र थांबावंच लागतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. तिचा आंबे बहार धरायचा तर हिवाळ्याच्या तोंडाशी झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात. परक्या माणसाला वाटावं, बाग गेली. मग खत घालून पाणी सोडलं की जानेवारीच्या सुमारास पांढऱ्या फुलांचा वास बांधापर्यंत येतो. तहान किती लावायची, हे शेतकऱ्याच्या नजरेत असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात ती नजर कामाची राहिली नाही. ताण दिला नव्हता, तो आला होता, आणि सोडायला विहिरीत पाणीच नव्हतं. टँकर विकत घेऊन लोकांनी झाडं जगवली. ज्यांना झेपलं नाही, त्यांनी पोटच्या पोरागत वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. त्याच वर्षी जिल्ह्यातल्याच कडवंची गावात शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा तगल्या. पाऊस तिथं काही वेगळा पडत नव्हता. पाणलोटाची कामं आधीच झाली होती, इतकंच.

आता मोसंबीच्या शेजारी तुती दिसू लागली आहे. तिच्यावर पोसलेले रेशीमकोष विकायला पूर्वी कर्नाटकात रामनगरला जावं लागे. २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीतच त्यांचा लिलाव होतो. मूळ चीनचा हा रेशीमकिडा मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या पोत्यांच्या आडोशाला पाला खातो आहे. शेतकरी त्याचं गणित सरळ मांडतात: मोसंबी फळाला यायला पाचेक वर्षं, कोष महिन्याभरात. एखादी बॅच रोगानं गेली, तर महिना गेला. बाग गेली, तर पोरीचं लग्नही पुढं जातं.