शुक्रावरचा पाऊस

शुक्राची चांदणी आपण बालपणापासून पाहत आलो. तिचा पृष्ठभाग मात्र दाट ढगांमुळे दुर्बिणीलाही दिसत नसे. ढग म्हणजे पाऊस, या समजुतीने विज्ञानकथाकारांनी तेथे दलदली, अरण्ये आणि महासागर कल्पिले. रे ब्रॅडबरी यांच्या १९५४ मधील ‘ऑल समर इन अ डे’ या कथेत शुक्रावर सात-सात वर्षे अखंड पाऊस कोसळतो. सूर्य थोडा वेळ दिसणार त्याच दिवशी, पृथ्वीवरचे ऊन आठवणाऱ्या मार्गोला वर्गातील मुले कपाटात कोंडतात आणि स्वतः उन्हात खेळून येतात.

१९६२ मध्ये ‘मरिनर २’ हे यान शुक्राजवळून गेले आणि तेथील दाहक उष्णतेचा पुरावा मिळाला. सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमानात पृष्ठभागावर पाणी टिकणेच अशक्य. कथेतला पाऊस त्या दिवशी आटला.

तरीही गाव सोडून परक्या शाळेत बसलेला मी मार्गोला लगेच ओळखतो. आपल्याजवळ नसलेले ऊन दुसऱ्याच्या आठवणीत आहे, हे त्या मुलांना सोसत नाही; हा हेवा कोणत्याही यानाने खोटा ठरवलेला नाही. म्हणून विज्ञानकथा वाचताना मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो : तिच्यातले विज्ञान किती टिकले, आणि तिच्यातली माणसे किती?