घानातील एक सर्व्हर: संगणकीय ओळखीच्या दप्तराची कथा

१/
जून २०१७ च्या अखेरीस उरणजवळच्या न्हावा शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अचानक थांबले. क्रेन शाबूत होत्या, माल जागेवर होता; परंतु कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कोठे जायचा, हे सांगणारे संगणक गप्प झाले होते. त्याच सुमारास रॉटरडॅममध्ये आणि न्यू जर्सीतही हेच घडत होते. या सर्व टर्मिनलांचा धनी एकच होता: डेन्मार्कचा मर्स्क उद्योगसमूह.

२/
कारण होते ‘नॉटपेट्या’ नावाचे विध्वंसक सॉफ्टवेअर. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीच्या अपडेटमधून ते २७ जून रोजी पसरले. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरच्या प्रती राखलेल्या होत्या. मात्र ‘कोण कोण आहे आणि कोणाला काय उघडण्याचा अधिकार आहे’ याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले, आणि त्यांची स्वतंत्र प्रत कोठेच सापडेना. कोठार उभे होते, पण किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या हे सांगणारे दप्तरच नाहीसे झाले होते. हे दप्तर मुळात एका जागी आले कसे, त्याचा हा इतिहास.

३/
आरंभ १९६१ चा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, अशी ती योजना होती. यंत्र सामाईक झाले, तसा कागदपत्रांच्या खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला. उपाय म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला. सर्वांचे पासवर्ड एका फाइलमध्ये लिहिलेले असत. संगणक एकच, म्हणून यादीही एकच.

४/
ही यादी वर्षभरही गुप्त राहिली नाही. ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला चार तास संगणकवेळ मिळत असे आणि ती त्याला पुरत नसे. १९६२ मध्ये त्याने एका छिद्रित कार्डावर विनंती लिहिली: ही अमुक फाइल छापून द्यावी. यंत्राने निमूटपणे सर्वांचे पासवर्ड छापून दिले. शेरने याची कबुली दिली ती सुमारे पंचवीस वर्षांनी.

५/
पुढे १९६० च्या दशकाच्या मध्यात त्याच प्रणालीत आणखी एक घोटाळा झाला. एक व्यवस्थापक त्या दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. संपादनाची प्रणाली दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होती. दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकू लागले. येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. सर्वांची ओळख एका ठिकाणी असेल, तर एकाची चूक सर्वांना भोवते, हा धडा मात्र त्या दिवशी मिळाला.

६/
त्यावर पहिले उत्तर आले ते यादीच वाचण्यास निरुपयोगी करण्याचे. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीतील अनुभव एका निबंधात मांडला. मूळ पासवर्ड साठवायचाच नाही. उलट फिरवता येणार नाही असे त्याचे गणिती रूपांतर तेवढे ठेवायचे. दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी रूपांतर वेगळे दिसावे, म्हणून त्यात यादृच्छिक अक्षरे मिसळायची. या मिसळणीला त्यांनी ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ, असे नाव दिले. ते नाव आजही कायम आहे.

७/
तोवर संगणकांची संख्या वाढली होती. १९८० च्या दशकात एकाच संस्थेत अनेक यंत्रे तारांनी जोडली गेली आणि प्रत्येक यंत्रावर खात्यांची वेगळी यादी तयार झाली. नवा माणूस आला की चाळीस ठिकाणी नाव लिहायचे. तो नोकरी सोडून गेला की चाळीस ठिकाणचे खोडायचे. एकोणचाळीस ठिकाणी खोडले आणि एका ठिकाणी राहिले, तर तेवढेच दार उघडे राहिले. केंद्रीय निर्देशिकेची खरी गरज येथे जन्मली. माणसाला आत घेण्याइतकेच त्याला वेळेवर बाहेर काढणेही तिचे काम होते.

८/
सन मायक्रोसिस्टिम्सने यासाठी एक सेवा आणली आणि तिला ‘यलो पेजेस’ असे नाव दिले. ब्रिटनमध्ये हे नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचे असल्याने ते ‘एनआयएस’ असे बदलावे लागले. तिच्या आज्ञांच्या आरंभीची ‘वायपी’ ही अक्षरे मात्र जुन्या नावाची खूण म्हणून तशीच राहिली. सेवा सोयीची होती, पण भोळी होती. जाळ्यातील कोणीही मागितले, तरी पासवर्डच्या रूपांतरांची संपूर्ण यादी ती देऊन टाकी.

९/
खरी झेप पुन्हा एमआयटीतच घेतली गेली. १९८३ मध्ये तेथे ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला: विद्यार्थ्याने परिसरातील कोणत्याही संगणकापुढे बसावे आणि आपले काम तेथे मिळवावे. पण सार्वजनिक खोलीतील यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? तारेवरून जाणारा पासवर्ड मधल्यामध्ये कोणी ऐकला तर? या प्रश्नांतून ‘कर्बेरॉस’ उभा राहिला. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरचा तीन मस्तकांचा कुत्रा, हे त्याचे नामकारण.

१०/
कर्बेरॉसची युक्ती अशी. विद्यार्थी मध्यवर्ती सर्व्हरला फक्त आपले नाव कळवतो. सर्व्हर त्याला एक मोहोरबंद लखोटा पाठवतो. तो लखोटा त्या विद्यार्थ्याच्या पासवर्डनेच उघडतो, आणि पासवर्ड स्वतः तारेवरून कधीच प्रवास करत नाही. आतील परवाना ठरावीक तासांपुरताच चालतो. तो दाखवला की छपाई, टपाल, फाइली अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळे तिकीट मिळते. १९८८ मध्ये बिल ब्रायंट यांनी ही सारी रचना चार प्रवेशांच्या संवादातून समजावून सांगितली. त्यातील दोन पात्रे म्हणजे अथेना आणि युरिपिडीस.

११/
द्वारपाल मिळाला, दप्तराची मांडणी ठरायची होती. १९८८ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक संस्थांनी ‘एक्स.५००’ हे मानक प्रसिद्ध केले. देश, त्याखाली संस्था, तिच्याखाली विभाग आणि शेवटी व्यक्ती, अशी ती वृक्षाकार रचना होती. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे आणि परगण्याचे देशपांड्याकडे, ही व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती परकी वाटू नये. कल्पना भव्य होती, पण तिचे संदेशवहनाचे नियम इतके जड होते की साध्या वैयक्तिक संगणकाला ते पेलत नसत.

१२/
मिशिगन विद्यापीठात टिम होव्स यांनी हे ओझे उतरवले. स्टीव्ह किल आणि वेंगयिक योंग यांच्यासह त्यांनी तयार केलेला ‘एलडॅप’ हा नियमसंच जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नावातले पहिले अक्षर ‘लाइटवेट’ या शब्दाचे, म्हणजे ‘हलका’. सुरुवातीला तो एक्स.५०० च्या वाड्याकडे नेणारी केवळ एक पायवाट होता. नंतर पायवाटच हमरस्ता झाली आणि बहुतेकांना वाड्यापर्यंत जाण्याची गरज उरली नाही.

१३/
१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आले आणि त्यासोबत ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आली. एलडॅपचे दप्तर, कर्बेरॉसचा द्वारपाल आणि इंटरनेटची नाव शोधण्याची पद्धत, असे तिन्ही प्रवाह तिने एकत्र केले. दप्तर सांभाळणाऱ्या सर्व्हरांना ‘डोमेन कंट्रोलर’ म्हणतात. एका शहरात नवे खाते उघडले की त्याची नोंद इतर सर्व डोमेन कंट्रोलरांकडे आपोआप पोहोचते. सकाळी कार्यालयात येऊन एकदाच पासवर्ड टाइप करणाऱ्या कोट्यवधी माणसांना या चाळीस वर्षांच्या इतिहासाची चाहूलही लागत नाही.

१४/
मर्स्कचा विश्वास याच रचनेवर होता. दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती होते. एखादा बंद पडला, तर उरलेले त्याला पुन्हा उभे करतील. एक सर्व्हर बिघडण्याचा विचार झाला होता, सगळे एकदम जाण्याचा झाला नव्हता. शिवाय नॉटपेट्या एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड चोरून दुसऱ्या संगणकात शिरत असे. ज्या ओळखीने दारे उघडायची, तीच ओळख शत्रूच्या हाती लागली होती.

१५/
मग जगभरच्या कार्यालयांत शोधाशोध सुरू झाली आणि घानामध्ये एक डोमेन कंट्रोलर शाबूत सापडला. हल्ल्याच्या आधीच तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. तेथील इंटरनेट इतके मंद की एवढा ऐवज इंग्लंडला पाठवण्यास कित्येक दिवस लागले असते. घानातील कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एकाने हार्ड डिस्क नायजेरियापर्यंत नेली आणि दुसरा ती घेऊन विमानाने लंडनला पोहोचला. कंपनीचे अध्यक्ष जिम स्नाबे यांनी पुढे दावोसमध्ये सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

१६/
१९६२ मधले छिद्रित कार्ड आणि २०१७ मधली हार्ड डिस्क यांच्यामध्ये पंचावन्न वर्षे आहेत. त्या काळात पासवर्ड झाकले गेले, तारेवरचा त्यांचा प्रवास थांबला, यादीचा वृक्ष झाला आणि वृक्षाच्या प्रती देशोदेशी लागल्या. एवढे होऊनही जगातील एका बलाढ्य जहाजकंपनीची ओळख वाचली ती पश्चिम आफ्रिकेतल्या वीजकपातीमुळे. तेव्हापासून जाणते व्यवस्थापक या दप्तराची एक प्रत मुद्दाम जाळ्याबाहेर काढून ठेवतात. जे घानात योगायोगाने घडले, तेच ते आता नियमाने घडवून आणतात.