घळ

गेल्या मृगात दादाचा फोन आला. "बाय, सही कधी करतलस?" एवढेच त्याने विचारले. आंबोलीच्या माथ्याजवळ आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. काजूच्या लागवडीसाठी ती एक गृहस्थ विकत घेणार होते. सातबाऱ्यावर दादाबरोबर माझेही नाव असल्याने माझ्या सहीवाचून व्यवहार अडला होता. पैशांची गरज दोघांनाही होती. दादाला घराचे छप्पर बदलायचे होते आणि माझ्या मुलाचे शिक्षण अर्ध्यावर होते. तरीही माझा हात अडखळत होता, आणि त्याचे कारण दादाला सांगता येण्याजोगे नव्हते. ते कारण म्हणजे त्या जमिनीतली बावीस गुंठ्यांची घळ.

दोन उतारांच्या बेचक्यात असलेली ही घळ कधी कसली गेली नाही. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची दाट सावली, खाली पाचोळ्याचा जाड थर आणि मधून वाहणारा बारीक ओहोळ. मे महिन्यात सारे माळरान करपून गेले, तरी घळीतली माती हाताला गार लागे. पावसाळ्यात रात्र झाली, की तिथून लाकडावर नख आपटावे तसा आवाज येई. टक्, टक्, टक्. थोडे थांबून पुन्हा टक्, टक्. आजी म्हणे, "घळ मापं मोजते आहे. मोजून झाली, की पाऊस उघडेल." तो आवाज कुणाचा, हे आम्ही कधी पाहिले नाही. किडा असावा, असे आम्ही धरून चालत होतो.

तो किडा नव्हे, हे कळायला माझी चाळिशी उलटावी लागली. एका पावसाळ्यात मी माहेरी असताना डोक्याला विजेरी बांधलेला एक तरुण संशोधक घळीत उतरण्याची परवानगी मागायला आला. तासाभराने त्याने मला खाली बोलावले आणि एका पानावर प्रकाश टाकला. अंगठ्याच्या पेराएवढा तपकिरी बेडूक गळ्याचा फुगा फुगवून बसला होता. तो ओरडला, आणि माझ्या बालपणीची सगळी मापे त्या एवढ्याशा गळ्यातून बाहेर पडली. हा झुडपी बेडूक, असे त्या तरुणाने सांगितले. याला तळे लागत नाही. याची पिल्ले शेपटीच्या अवस्थेत पाण्यात पोहत नाहीत. ओलसर पाचोळ्यात किंवा पानावर घातलेल्या अंड्यातूनच इवलासा, पुरता बेडूक बाहेर येतो. त्याला तळ्याची गरज नसली, तरी ओल मात्र क्षणभरही सुटून चालत नाही. त्याची त्वचा इतकी पातळ असते, की तिच्यातूनच तो पाणी घेतो आणि बराचसा श्वासही घेतो. उन्हात तापलेले उघडे माळ ओलांडणे म्हणजे त्याच्यासाठी मरणच.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. या झुडपी बेडकांच्या प्रजातीला 2010 मध्ये 'रावऑर्केस्टिस' हे नाव मिळाले. बंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले. तिच्या साठांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत, आणि त्यांतील बहुतेक सह्याद्रीतच आढळतात. दिसायला त्यांतल्या कित्येक सारख्याच, पण ओरडणे निराळे. मादी नराला ओळखते ती आवाजावरून. मग प्रश्न पडतो, की एकाच पर्वतरांगेत इतके निराळे आवाज आले कुठून?

उत्तराचा एक भाग पर्वताच्या रचनेत आहे. सह्याद्री ही सलग भिंत नव्हे. केरळात पालघाटची सुमारे तीस-चाळीस किलोमीटर रुंद खिंड तिला तोडते, त्याच्याही दक्षिणेला शेनकोट्टाची खिंड आहे. या सखल, कोरड्या पट्ट्यांनी डोंगरांवरचे जीव एकमेकांपासून दूर ठेवले. पण खिंडी एका जागी स्थिर असतात, हवामान मात्र हलत असते. उत्तराचा दुसरा भाग त्या हलण्यात आहे.

सुमारे सव्वीस लाख वर्षांपासून पृथ्वीवर हिमयुगे आणि त्यांमधले उबदार काळ आळीपाळीने येत आहेत. सह्याद्रीवर हिमनद्या उतरल्या नाहीत, पण जगाच्या टोकांना बर्फ साठले, की त्याचा परिणाम इथल्या मोसमी वाऱ्यांवर होई. समुद्र थंड होई आणि पाऊस रोडावे. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटरने खाली गेली होती.

याची नोंद कुणी ठेवली? निलगिरीच्या दऱ्यांतल्या दलदलींनी. तिथे हजारो वर्षे गवत-पाने कुजून काळ्या मातीचे थर साचले आहेत. उष्ण-कोरड्या हवेत तगणारी गवते आणि वृक्ष हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात, आणि त्या फरकाची खूण थरात उरते. आर. सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये हे थर वाचले. हिमयुगाच्या भरात तिथे कोरडेपणा होता आणि गवताचे राज्य होते. पुढे हिमयुग ओसरले, तसा मोसमी पाऊस बळावला आणि वृक्ष वाढले.

आता त्या थरांत बेडकाला ठेवून पाहू. पाऊस रोडावला, की रान आक्रसते. ते एकदम नाहीसे होत नाही, तर जिथे ओल टिकते अशा घळींत आणि दऱ्यांत माघार घेते. रानाबरोबर बेडूकही मागे सरतो. या घळीतला आणि पलीकडच्या डोंगरावरचा, दोघांच्या मध्ये आता कोरडे गवत. हजारो पिढ्या त्यांची गाठ पडत नाही. एकीकडे ओरडण्याची लय किंचित सावकाश होते, दुसरीकडे किंचित जलद. मग पाऊस परततो, रान पसरते आणि दोन्ही रानांच्या कडा एकमेकींना भिडतात. बेडूकही समोरासमोर येतात, पण काही ठिकाणी मादीला समोरच्या नराची हाक आपली वाटत नाही. एक कुळ होते, त्याची दोन झाली.

उंच शिखरांवरच्या जीवांची गोष्ट थोडी उलटी आहे. थंडी मानवणारे जीव हिमयुगात खालच्या उतारांवर उतरू शकत, आणि हवा तापली की त्यांना पुन्हा वर चढावे लागे. केरळातल्या 2,695 मीटर उंचीच्या अनाइमुडीच्या माथ्याजवळ नारिंगी-तांबड्या रंगाचा एक झुडपी बेडूक राहतो. त्याचीही शास्त्रीय नोंद 2010 मध्येच झाली. काही वर्षांपूर्वी मी सहकारी शिक्षकांबरोबर त्या भागात गेले होते. तो बेडूक काही दिसला नाही. दिसले ते धुके, गवताचे लांबच लांब उतार आणि त्यांच्या खळग्याखळग्यांत दडून राहिलेली काळपट रानाची बेटे. तिथे त्यांना शोला म्हणतात. ती पाहताना मला आमची घळ आठवली. त्या माथ्यावरच्या बेडकाला आणखी वर चढायला डोंगर उरलेला नाही, हेही तिथेच उभे राहून कळले.

सर्वच जाती हिमयुगांनी घडवल्या, असे मात्र नाही. सह्याद्रीतला जांभळा बेडूक 2003 मध्ये विज्ञानाला ठाऊक झाला. त्याचे जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर आहेत. भारताचा भूखंड त्या बेटांपासून सुटा झाला, त्याच्याही आधीचे हे नाते. झुडपी बेडकांविषयी एस. पी. विजयकुमार आणि सहकाऱ्यांचा 2016 मधला अभ्यास सांगतो, की भूगोल, डोंगराची चढण आणि हिमयुगे या साऱ्यांनी मिळून ही विविधता घडवली. मला त्यातून एक गोष्ट उमगली. हवामान बदलले म्हणून नव्या जाती झाल्या, हे अर्धेच खरे आहे. बदलत्या हवामानात कुठेतरी एखादी ओली जागा शिल्लक राहिली आणि परत पसरायला हजारो वर्षांची सवड मिळाली, म्हणून त्या झाल्या. जिथे अशी जागा उरली नाही, तिथले आवाज कायमचे थांबले असतील. त्यांची नोंद कोणत्याही थरात नाही.

आता हवा पुन्हा तापते आहे, आणि या वेळी तिला हजारो वर्षे लागत नाहीत. अशा काळात जेसीबीने घळ सपाट करायला दोन दिवस पुरतात.

श्रावणात मी गावी गेले. दादाला बेडकांची ही सारी हकिगत सांगितली. तो हसला नाही. आईचे शेवटचे आजारपण त्याने एकट्याने काढले आहे आणि गळक्या छपराखाली तोच राहतो, त्यामुळे बोलण्याचा अधिकार त्याचाच होता. "पाणी घळीत आहे," तो म्हणाला. "घळ वगळली, तर तो माणूस भाव पाडेल." मी म्हटले, "पाडू दे. घळ माझ्या वाट्याला धर. बाकीच्या पैशांत माझा वाटा कमी कर." हे म्हणताना मुलाची फी डोळ्यांसमोर आली, हे लपवत नाही. दादा बराच वेळ पडवीतल्या खांबाला टेकून बसला. मग म्हणाला, "मोजणी पावसानंतर. तोवर त्याला विचारून पाहतो." होय म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

त्या रात्री पाऊस उघडला नाही. अंथरुणावर पडल्यापडल्या घळीतला आवाज ऐकत होते. लक्ष देऊन ऐकल्यावर जाणवले, की तो एक नाही. एक जण सावकाश मोजत होता आणि वरच्या अंगाला कुणीतरी जरा घाईने. दोघांची मापे जुळत नव्हती. इतकी वर्षे ते मला एकच वाटत आले होते. पलीकडच्या खोलीत दादाही जागा असावा. मध्येच त्याचा आवाज आला, "बाय, आज दोघे आहेत गो."