तिगावची नारंगी आणि फ्रेंचांची भाकर

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी काटोल, नरखेड मागे टाकून पांढुर्ण्यास येते. त्यापुढे तिगावचे लहानसे स्टेशन लागते. तेथून सातपुड्याचा चढ फार दूर नाही. १९५६ साली प्रांतांची फेरवाटणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला व हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. सरहद्दी हलल्या, तरी चुलीपाशी मराठी होती ती तशीच आहे.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही तेथे एका बागाईतदाराच्या घरी उतरलो होतो. आंबिया बहाराची तोडणी चालू होती. अंगणात संत्र्यांचा ढीग आणि साऱ्या घराला त्यांच्या सालीचा वास. घरची कन्या नागपुरास हॉटेल व्यवसायाचे शिक्षण घेते. तिला फ्रेंच हा विषय असून त्यात ती एकदा नापास झाली होती. फेरपरीक्षा चार दिवसांवर आली होती. या खेपेस जमले नाही तर शिक्षण पुरे, असे वडिलांनी ठरविले होते.

‘‘फादर, आता तुमीच सांगा, ह्या भाषेनं आपलं काय होते?’’ ते आम्हांस म्हणाले. मुलगी खाली मान घालून वही चाळीत होती. वहीत खाण्यापिण्याचे शब्द ओळीने लिहिलेले होते. शब्द तिला पाठ होते. घोटाळा होत होता तो शब्दाआधी येणाऱ्या उपपदाचा.

फ्रेंचमध्ये नाम सहसा एकटे येत नाही. लिंगे दोनच, आपले नपुंसकलिंग तेथे नाही. म्हणून आपले ‘ते दूध’ तेथे पुल्लिंगी ‘ल ले’ होते आणि ‘ते पाणी’ स्त्रीलिंगी ‘लो’ होते. येथे मराठीचा आधार घेता येत नाही. शब्द पाठ करायचा तो उपपदासकट, जसे आपण मुलांना ‘तो पाव, ती भाकर, ते मीठ’ असे शिकवितो. यांतला ‘पाव’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. फ्रेंच ‘पँ’ त्याचाच भाऊबंद, कारण दोघांचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे.

खरी अडचण पुढे आहे. कॉफी आवडते असे सांगायचे तर ‘जेम ल काफे’, कारण ती सर्वसाधारण कॉफीची गोष्ट झाली. कॉफी पितो असे सांगायचे तर ‘ज ब्वा द्यू काफे’, कारण जगातील सारी कॉफी कोणी पीत नाही. तिचा काही अंश पितो. स्त्रीलिंगी शब्दास याच अर्थी ‘द ला’ लागते. पीत नाही म्हटले की नुसते ‘द’ उरते : ‘ज न ब्वा पा द काफे’. आणि दुकानात पेलाभर मागायची तर ‘अँ काफे’, अगदी आपल्या ‘एक चहा द्या’ सारखे.

हे आम्हांस पुस्तकापेक्षा फजितीने अधिक शिकविले. सावॉय प्रांतातील एका मठात जेवताना आम्ही ‘द्यू पँ’ न म्हणता ‘ल पँ’ मागितला, तेव्हा शेजारच्या वृद्ध धर्मगुरूंनी हसत हसत अखंड पाव आमच्या पुढ्यात ठेवला! ही कथा ऐकून मुलगी प्रथमच हसली.

मग आम्ही तिला त्या प्रांताविषयी सांगितले. तेथील आन्सी गावी १८३८ साली संत फ्रान्सिस द सालचा मिशनरी संघ स्थापन झाला. त्याचे पहिले मिशनरी १८४५ साली हिंदुस्थानास निघाले आणि पुढे त्या संघाचे कार्य नागपूरपर्यंत पोहोचले. सावॉय फ्रान्सला जोडला गेला तो १८६० साली. तेथील खेड्यांतही घरची बोली वेगळी होती व शाळेतील फ्रेंच वेगळी. तेव्हा घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलीने संकोच का धरावा?

वडील ऐकत होते. त्यांनी एक संत्रे सोलून आमच्या हाती दिले व विचारले, ‘‘याले काय म्हणते ते लोक?’’

‘‘यून ओरांज,’’ मुलीने चटकन उत्तर दिले, उपपदासकट!

हा शब्द मुळात आपल्याकडील ‘नारंग’. तो फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, स्पेनमध्ये ‘नारांखा’ झाला. पुढे आरंभीचा ‘न’ गळाला. मागच्या उपपदाच्या ‘न’मध्ये तो विरून गेला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. ज्या उपपदाने या मुलीस रडविले, त्यानेच आपल्या नारंगीचे एक अक्षर गिळले होते!

वडील बराच वेळ हातातील फोडीकडे पाहत राहिले. मग मुलीस म्हणाले, ‘‘सकाळी पेटी भरून देतो. मास्तरीणबाईले नेऊन दे. अन् पेपर नीट लिही.’’ पुढचे शिक्षण बंद करण्याची गोष्ट त्यांनी त्या रात्री पुन्हा काढली नाही.

वाचकहो, परीक्षेचा निकाल हा मजकूर लिहीपर्यंत लागलेला नाही. परंतु परतीच्या गाडीत तो ‘द्यू’ आमच्या मनात घोळत होता. ताटातील भाकर सारी आपली नव्हे, आपल्या वाट्यास तिचा अंश आलेला आहे, एवढी जाणीव त्या इवल्या शब्दात आहे. आपली मुले परकी भाषा शिकू लागली तर त्यांना अडवू नका. ती दूर जातील हे खरे. पण त्यांच्याआधी आपली नारंगी तेथे जाऊन पोहोचलेली आहे.