उपाशीपोटीची गोळी

पिवळी, लंबगोल, गुळगुळीत. पाकिटावर नाव पँटोप्राझोल, ४० मिलिग्रॅम. घरात तिला या नावाने कुणी हाक मारत नाही. ती पित्ताची गोळी, गॅसची गोळी, नाहीतर नुसतीच ‘सकाळची’. देवघराशेजारच्या फळीवर, चष्म्याच्या घरात, पर्सच्या आतल्या कप्प्यात, एसटीच्या प्रवासात शर्टाच्या खिशात ती असतेच. इतकी अंगवळणी पडली आहे की तिला औषध मानायचंच लोक विसरले. तिच्यावर होणारा अन्याय इथूनच सुरू होतो, असं मला वाटतं.

तिचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. ज्या आम्लाचा तिने बंदोबस्त करायचा, त्याच आम्लात ती उघडी पडली तर नासून जाते. म्हणून अंगावर कवच घेऊनच ती येते. जठरातून ती तशीच पुढे जाते, लहान आतड्यात कवच सोडते, रक्तात मिसळते आणि रक्तातून फिरत पुन्हा जठराच्याच भिंतीपाशी पोचते. त्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. त्यांतले जे त्या वेळी चालू असतील तेवढेच ती कायमचे बंद पाडते. बंद असलेल्यांना ती हात लावत नाही. पंप चालू होतात ते जेवणाच्या चाहुलीने. म्हणून तिला जेवणाआधी अर्धा ते एक तास पोटात जायचं असतं. गोळी तोडून किंवा कुटून घेतली, तर कवच गेलं आणि तीही गेली.

रक्तात ती फार वेळ राहत नाही, काही तासांत निघून जाते. तरी काम दिवसभर टिकतं, कारण बंद पडलेल्या पंपांच्या जागी शरीराला नवे घडवावे लागतात. पूर्ण गुण यायला मात्र तीन-चार दिवस जातात. आत्ता छातीत जळजळतंय म्हणून आत्ता घेतली, तर तिच्याकडून लगेच आराम मिळत नाही. ते काम पातळ अँटासिडचं.

माझी आत्या ही गोळी दुपारच्या भाकरीनंतर घ्यायची, बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर एकाच मुठीत. घशाशी आंबट यायचं ते येतच राहिलं, आणि ‘गोळी लागू पडत नाही’ असा तिचा ग्रह झाला. डॉक्टरांनी औषध बदललं नाही. सकाळी चहाच्याही आधी घ्या म्हणाले, मिश्री सोडा म्हणाले, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवायला सांगितल्या. म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर उंची. जास्तीच्या उशांनी हे साधत नाही. त्यांनी मान उचलली जाते आणि पोट दुमडतं. आत्याची मिश्री सुटायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. पण तंबाखूने अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल पडतो, हे पटल्यावर तिने डबी स्वतःच टाकून दिली.

हा सैल स्नायू म्हणजेच या गोळीची मर्यादा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वळं असतं. ते नको तेव्हा उघडलं, की जठरातलं वर चढतं. गोळी आम्ल कमी करते, वळं घट्ट करत नाही. त्यासाठी माणसाने स्वतःच काही करायचं असतं: पोटाचा घेर कमी करणं, रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवणं, डाव्या कुशीवर झोपणं. दिवसभर कडक उपास आणि रात्री पोटभर साबुदाण्याची खिचडी, तीही भरपूर शेंगदाण्यांची, हा बेत ज्याला जळजळ आहे त्याने करू नये. काहींचा त्रास एवढ्यानेही थांबत नाही. त्यांच्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. तीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या तळाभोवती गुंडाळतात. रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने १९५०च्या दशकात दाखवलेली ही वाट आजही वापरात आहे.

या गोळीच्या घराण्यातली पहिली, ओमेप्राझोल, १९८८ साली स्वीडनमधून बाजारात आली. त्याआधीच्या पिढ्यांत अल्सरसाठी पोट फाडणं सर्रास चालायचं. या घराण्याने किती माणसांना त्या टेबलावरून वाचवलं, हे आठवलं की तिच्याविषयी मला कृतज्ञताच वाटते.

म्हणूनच तिला कारणाशिवाय वर्षानुवर्षं राबवलेलं पाहवत नाही. साध्या जळजळीला बहुधा चार ते आठ आठवडे पुरतात. नियमाने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायला हवी, पण मेडिकलमध्ये ती नुसती मागितली तरी हातात पडते. दीर्घकाळ घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम बंद केली, तर काही आठवडे आम्ल उसळून येतं, आणि माणूस समजतो की आता हिच्याविना जगणं नाही. ती उसळी ओसरते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. मात्र अन्ननलिकेला खोल जखमा असलेल्यांना, किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असून रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ती खरोखर लागते. त्यांनी कुणाचं ऐकून ती सोडू नये.

तिच्यामागे आजार लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होत असेल, तर नवी स्ट्रिप आणू नका, एंडोस्कोपीबद्दल विचारा. आणि छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणत गोळी घेऊन पडून राहू नका. १०८ला फोन करा आणि आधी ईसीजी काढा.