पहिल्या वर्षाचा वर्ग

लहान वर्ग म्हणजे श्रीमंत विद्यापीठांचे चोचले, असं मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी म्हटलं आहे. ऑक्सफर्डला एका प्राध्यापकासमोर दोन-तीनच विद्यार्थी बसतात, याचं कुणी कौतुक सुरू केलं की मी रयत शिक्षण संस्था पुढे करायचो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली ती काढली, ती शिक्षणाचं दार ज्यांना बंद होतं त्यांच्यासाठी. वर्गात बाकं किती मावतात हे आधी मोजत बसलं असतं, तर माझ्यासारख्याच्या घरात पदवी आलीच नसती. हा मुद्दा मला आजही पटतो. उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणी प्रमाण २०२१-२२ मध्ये देशात २८.४ टक्के होतं. एवढे सगळे बाहेर असताना आत आलेल्यांची ऐसपैस सोय करायची, हे मनाला लागतंच.

शिवाय, खरं सांगायचं तर, मला बोलायला आवडतं. एफवाय बीकॉमची १२० जणांची तुकडी, मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, मध्येच एखादा विनोद. तास संपताना ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणायचा.

त्या ‘हो’वरचा माझा विश्वास उडाला तो टीवायच्या अर्थशास्त्राच्या वर्गात. विशेष विषय घेणारी मोजकीच मुलं, पंधराच्या आतबाहेर. एवढ्यांसमोर भाषण ठोकायला मलाच कसंतरी वाटू लागलं, म्हणून खडू त्यांच्या हातात दिला. कांद्याचा भाव वाढला, आता मागणीचं काय होईल ते आकृती काढून दाखवा. पहिल्या मुलीने अख्खा मागणी वक्र उचलून डावीकडे सरकवला. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही. भाव वाढला म्हणून लोक कमी घेतात तो मागणीचा संकोच. तिथे वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर वर सरकतो. उत्पन्न किंवा आवडनिवड बदलली की मग वृद्धी नाहीतर ऱ्हास, आणि तेव्हा वक्रच सरकतो. बारावीत शिकवलेली गोष्ट, पहिल्या वर्षाला मीच पुन्हा शिकवलेली. हीच मुलं तेव्हा ‘हो सर’ म्हणाली होती, आणि पासही झाली होती, कारण व्याख्या पाठ होत्या.

त्याच तासाला निफाडकडचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, पण आमच्याकडे भाव पडलेला असतो तेव्हाच माल जास्त असतो.’ का, असं विचारल्यावर सावकाश सांगू लागला. आदल्या हंगामात भाव मिळाला म्हणून सगळ्यांनी कांदा लावला, सगळ्यांचा एकदम बाजारात आला, भाव कोसळला. पुढच्या खेपेला सगळ्यांनी हात आखडता घेतला आणि भाव पुन्हा चढला. मॉर्डेकाय इझिकिएल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचा कॉबवेब सिद्धांतावरचा १९३८चा प्रसिद्ध लेख आहे. या मुलाने त्यातलं मर्म लासलगावच्या बाजारावरून मांडलं. एफवायला तो माझ्याच वर्गात दोन वर्षं आधी बसला होता. एकशेवीस जणांत उभं राहून ‘सर, पण’ म्हणायला जी छाती लागते, ती मलाही त्या वयात नव्हती.

तेव्हापासून मी उलटं बोलू लागलो. मात्र सगळे वर्ग सरसकट लहान करा, असं माझं म्हणणं नाही. बांदिएरा, लार्चिनेझे आणि रसूल या अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठातल्या गुणांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध केला. अगदी लहान आणि अगदी मोठ्या वर्गांत आकाराचा परिणाम दिसतो, मधल्या पट्ट्यात जवळजवळ नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे साठाचे पन्नास करून फारसं काही हाती लागेलच असं नाही. आणि वीसच मुलं समोर बसवून मी पूर्वीसारखंच भाषण देत राहिलो, तर ती फक्त जागेची उधळपट्टी.

मला खटकते ती वाटणी. आपल्याकडे लहान वर्ग आहेत, पण ते शेवटच्या वर्षाला, आणि तेही कुणी ठरवून केलेले नाहीत. विशेष विषयांत मुलं विभागली जातात, काही आधीच गळालेली असतात, उरलेल्यांचा आपोआप लहान वर्ग होतो. ज्याला कॉलेज नवं, बऱ्याचदा इंग्रजी पुस्तकही नवं, घरात विचारायला कुणी नाही, त्या पहिल्या वर्षाच्या पोराला मात्र गर्दी. रयतेच्या पोरांचा दाखला मी ज्या वर्गाच्या समर्थनासाठी देत होतो, त्याच वर्गात ती पोरं गप्प बसत होती.

आता मी एफवायच्या मुलांना आठवड्यातून एकदा वीस-वीसच्या गटांत बोलावतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगीला १४. ते तास तुकड्यांवरच संपतात. जागा रिकाम्या, त्या तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींकडून कशाबशा भरून काढलेल्या. त्यांना या जादा गटांचा आग्रह करायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांना पैसे मिळतात ते मोजलेल्या तासांचेच. प्राचार्यांनी विचारलं, हे कार्यभारात दाखवायचं कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या वर्गावरचं व्याख्यान मात्र मी सोडलेलं नाही. मागणीचा नियम एकशेवीस जणांना एकदम सांगता येतो, आणि तो सांगायला मला अजूनही आवडतं. ‘समजलं का?’ एवढं फक्त विचारत नाही.