प्रवाळाच्या कुंपणाआडचा देश

आपल्या ग्रंथालयात भिंतीवर टांगावयाचा जो जुना नकाशा आहे, त्यात मेक्सिकोच्या खाली, ग्वातेमालाच्या पूर्वेस, कॅरिबियन समुद्राला लागून एक चिंचोळी पट्टी दिसते. तिजवर 'ब्रिटिश होंडुरास' हे नाव लिहावयास जागा पुरेना, म्हणून ते समुद्रातच छापलेले आहे. ते नाव १९७३ साली गेले व बेलीझ हे नाव आले. पुढे २१ सप्टेंबर १९८१ रोजी तो देश स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ सुमारे २३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकणाहूनही कमी. आणि लोकवस्ती अवघी चार लाखांच्या आसपास. मध्य अमेरिकेत चहूकडे स्पॅनिश भाषेचे राज्य असताना या एकाच देशाची राजभाषा इंग्रजी आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत तेथील एका शिक्षकस्नेह्याच्या आग्रहावरून मला तीन आठवडे तेथे राहावयास मिळाले. परत आल्यापासून "तेथे जाऊन पाहावयाचे तरी काय?" असे पालकांपैकी अनेकांनी विचारले. त्यांस तोंडी उत्तर देणे कठीण गेले. म्हणून हा लेख.

पाहावयाची गोष्ट मुख्यत्वे एकच, व ती पाण्याखाली आहे. किनाऱ्याला समांतर सुमारे ३०० किलोमीटर लांबीची प्रवाळाची भिंत त्या देशाच्या पुढ्यात उभी आहे. उत्तरेस सान पेद्रो गावाच्या धक्क्यावर उभे राहिले की लाटा फुटण्याची पांढरी रेघ हाकेच्या अंतरावर दिसते. दक्षिणेकडे हीच भिंत किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटरपर्यंत दूर जाते. डार्विनने १८४२ सालच्या आपल्या ग्रंथात तिची विशेष दखल घेतली होती. रेघेच्या पलीकडे निळाजांभळा खोल समुद्र गर्जत असतो, आणि अलीकडे पाणी इतके निवांत की लहान मुले त्यात कमरेइतकी उभी राहून गळ टाकतात.

येणारा प्रवासी हे सौंदर्य पाहून संतुष्ट होतो. परंतु मला वाटते, भिंतीकडे पाण्यातून जसे पाहावे तसेच किनाऱ्यावर उभे राहूनही पाहावे. कारण हा देश तिच्या आडोशानेच घडला आहे. सतराव्या शतकात इंग्रज चाचे व लाकूडतोडे येथे येऊन राहिले, त्याचे एक कारण हे की स्पेनच्या मोठ्या जहाजांस या खडकांतून व उथळ पाण्यातून शिरण्याची धास्ती वाटे. १० सप्टेंबर १७९८ रोजी सेंट जॉर्जेस की या बेटापाशी स्पॅनिश आरमारास शेवटची माघार घ्यावी लागली, तीही याच उथळ पाण्यात. ('की' म्हणजे तिकडचे लहान बेट.) त्या दिवशी लढणाऱ्यांत गुलामही होते, हे मात्र विसरू नये. महोगनीचे प्रचंड वृक्ष तोडून नदीतून वाहून आणण्याचे काम त्यांच्याच माथी होते. आज राष्ट्रध्वजावर त्या वृक्षाखाली दोन श्रमिक उभे आहेत, हे पाहून मला समाधान वाटले.

समुद्र नेहमीच भिंतीबाहेर राहतो असेही नाही. ३१ ऑक्टोबर १९६१ रोजी हॅटी नावाच्या वादळाने बेलीझ शहर उद्ध्वस्त केले. शहर समुद्रसपाटीलाच वसलेले. अडीचशेहून अधिक माणसे त्या वादळात मेली. मग सरकारने आपले बिऱ्हाड सुमारे ऐंशी किलोमीटर आत हलविले, व १९७० साली बेल्मोपान ही नवी राजधानी झाली. लोक मात्र बहुसंख्येने जुन्याच शहरात राहिले. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. जाणाऱ्याने फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने धरावेत.

दक्षिणेकडील डांग्रिगा गावी गारिफुना लोक राहतात. आफ्रिकी व मूळ कॅरिबियन रक्ताच्या मिश्रणातून सेंट व्हिन्सेंट बेटावर हा समाज उत्पन्न झाला. इंग्रजांनी १७९७ साली त्यांस तेथून हद्दपार केले. त्यांचे या किनाऱ्यावर आगमन झाले तो दिवस म्हणून १९ नोव्हेंबर १८३२ हा मानतात. या दिवसाचा उत्सव १९४१ साली सुरू केला तो थॉमस व्हिन्सेंट रामोस नावाच्या एका शिक्षकाने. १९७७ पासून ती साऱ्या देशाची सुट्टी झाली. आम्हा शिक्षकांच्या हातून असेही काही घडते, हे पालकांच्या नजरेस आणावे म्हणून लिहिले, इतकेच! त्यांच्या घरी मी नारळाच्या दुधातील मासे व कुटलेली केळी यांचे 'हुदुत' जेवलो. त्याहूनही दक्षिणेस तोलेदो जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीस आणलेल्या हिंदी लोकांचे वंशज आहेत. भाषा ते कधीच विसरले. पण पिवळ्या रश्शास 'तकारी' म्हणतात. आपल्या 'तरकारी'ची ही बहीण इतक्या दूर भेटताच माझा घास क्षणभर हातातच राहिला.

बंदरावरील दीपगृहापाशी बॅरन ब्लिस यांची समाधी आहे. हा इंग्रज गृहस्थ पायांनी अधू होता. जानेवारी १९२६ मध्ये तो आपल्या नौकेतून येथे आला, नांगर टाकून मासे धरीत राहिला आणि ९ मार्च रोजी नौकेवरच वारला. भूमीवर त्याने पाऊलही ठेवले नाही. पण होड्यांतून येणाऱ्या लोकांनी त्यास जो जिव्हाळा दाखविला, त्यापोटी आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्याने या वसाहतीस दिला. अट अशी की त्यातून देवळे, नृत्यगृहे किंवा शाळा बांधू नयेत. शेतकीच्या व धंदेशिक्षणाच्या शाळा तेवढ्या चालतील. देवळास व शाळेस नृत्यगृहाच्या पंक्तीस बसविलेले पाहून आमचे स्नेही व मी पुष्कळ हसलो. कारण तेथील बहुतेक प्राथमिक शाळा आजही ख्रिस्ती मंडळ्या व सरकार मिळूनच चालवितात.

'ब्लू होल' हे समुद्रातील प्रचंड वर्तुळाकार विवर जगप्रसिद्ध आहे. हिमयुगात ते चुनखडीच्या गुहेचे पोट होते. पुढे समुद्र चढला व छत कोसळले. मी ते पाहिले नाही. होडीच्या भाड्यात मला दक्षिणेकडे आठ दिवस राहता आले, व हा व्यवहार मला फायद्याचा वाटतो.

आता या भिंतीच्या दुखण्याविषयी. प्रवाळ हा बारीक प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते व सूर्यप्रकाशावर त्याचे अन्न शिजविते. पाणी फार तापले की प्राणी शेवाळाला बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि उष्णता लांबली तर उपाशी मरतो. २०२३ च्या उन्हाळ्यात असे फार मोठ्या प्रमाणावर झाले. ही उष्णता बेलीझने निर्माण केलेली नाही. जे त्यांच्या हाती होते ते त्यांनी केले आहे. प्रवाळावरील शेवाळ खरडून खाणारा पोपटमासा धरण्यास २००९ साली बंदी झाली. समुद्रतळ ओरबाडणारे ट्रॉलर पुढील वर्षी बंद झाले. समुद्रात तेलविहिरी खणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०१२ साली लोकांनी स्वतःच मतदान घेतले. सुमारे २९ हजार मते पडली व त्यांतील बहुतेक सर्व विरुद्ध होती. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने कायदा करून ते काम थांबविले. श्रीमंत नसलेल्या देशाने दाराशी आलेले तेल नाकारावे, ही लहान गोष्ट नव्हे. १९९६ पासून ही भिंत जागतिक वारसा आहे. २००९ साली तिचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले होते, ते २०१८ साली निघाले.

म्हणून जाणाऱ्यांस माझी विनंती: प्रवाळावर पाय ठेवू नका, त्याचा तुकडा आणू नका, आणि कासवाच्या पाठीची वस्तू कोणी दाखविली तर पुढे चला. मे महिन्यात शेवंड मागू नका. तिच्या विणीचे महिने बंदीचे असतात. मुंबईहून थेट विमान नाही. बहुधा अमेरिकेत बदलावे लागते व त्यासाठी तेथील परवाना आधी काढावा लागतो. प्लासेन्शिया गावाहून लाफिंग बर्ड की या बेटावर होडी जाते. २००१ च्या आयरिस वादळात तेथील प्रवाळ मोडून पडले होते. २००६ पासून गावची माणसे पाण्यात उतरून प्रवाळाच्या फांद्या, आपण जास्वंदीच्या लावतो तशा, खडकावर रोवीत आली आहेत. मी गेलो त्या दिवशीही दोन स्त्रिया व एक म्हातारा कोळी त्याच कामावर होते. आम्ही जेवून होडीत बसलो तरी ती मंडळी वर आली नव्हती.